समासातील वेल: आबालाल रहिमान आणि कोल्हापूरची नक्षी

कोल्हापूरच्या चित्रकलेचा इतिहास सांगताना त्याचा आरंभ बहुधा आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांपासून धरला जातो, आणि तेथून आनंदराव व बाबूराव पेंटर, दत्तोबा दळवी, बाबा गजबर, माधवराव बागल अशी नावे घेत तो इतिहास दिसते तसे रंगविण्याच्या एका सलग परंपरेच्या रूपात मांडला जातो. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. कारण रंकाळ्याच्या काठावर बसून समोरचे पाणी कागदावर उतरविण्याची कल्पना या शहरात येण्याच्या कितीतरी आधीपासून येथील पाथरवट, सोनार, लेखनिक आणि घरोघरच्या स्त्रिया निसर्गाकडे बारकाईने पाहत होत्याच, मात्र त्या पाहण्याची परिणती दृश्यात न होता नक्षीत होत होती. नक्षी म्हणजे पान, वेल, पक्षी किंवा जलचर यांच्या रूपातील अनावश्यक तपशील गाळून, उरलेली रेषा ठरावीक मापाने व लयीने पुन्हा पुन्हा योजून एखादा पृष्ठभाग भरणे. आबालाल रहिमान या दोन वाटांच्या सांध्यावर उभे आहेत. त्यांचा हात नक्षीत घडला, डोळा निसर्गचित्रात रमला, आणि हाताला लागलेली पहिली सवय दुसऱ्या कामात शेवटपर्यंत टिकून राहिली, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या चित्रांचे वेगळेपण नीट उलगडत नाही.

कोल्हापूर परिसरातील टिकून राहिलेली सर्वांत जुनी नक्षी दगडात आहे. शिलाहार राजवटीत बाराव्या शतकाच्या सुमारास उभे राहिलेले खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हा तिचा सर्वांत संपन्न नमुना होय. कृष्णेच्या काठी असलेल्या या मंदिराच्या स्वर्गमंडपाला, म्हणजे वर आकाशाकडे गोल उघड्या ठेवलेल्या मंडपाला, ४८ खांब आहेत. त्यांच्या घडणीत फुलापानांचे पट्टे, कमळदळे आणि कीर्तिमुखे यांची योजना दिसते. कीर्तिमुख हा उग्र, विस्फारलेल्या डोळ्यांचा मुखवटा सिंहासारखा भासला, तरी अरण्यातील कोणत्याही एका प्राण्याचा तो नव्हे; तसेच खांबावर चढणाऱ्या वेलीला वनस्पतिशास्त्रातील एखादे नाव देता येत नाही. दगड कोरणाऱ्याने वेलीचे चित्र काढलेले नसून वेलीची चाल, म्हणजे वळण, फुटवा आणि पुन्हा वळण एवढेच उचलले आहे. शहरातील अंबाबाईच्या मंदिराच्या बाह्य भिंतींवरील शिल्पकामाबाबतही थोड्याफार फरकाने हेच म्हणता येते.

दगडातील या नक्षीपेक्षा कोल्हापूरच्या माणसांच्या अधिक अंगावरची, अगदी शब्दशः अंगावरची, नक्षी म्हणजे कोल्हापुरी साज. सोन्याचे जवमणी, म्हणजे जवाच्या दाण्याच्या आकाराचे मणी, आणि त्यांच्या मधून मधून ओवलेल्या पानड्या अशी या गळ्यातल्या दागिन्याची रचना असते. पानडी म्हणजे एकेका आकृतीचे छोटे लोंबते पदक. परंपरेने साजात २१ पानड्या सांगितल्या जातात आणि त्यांचा हिशेब दहा अवतारांच्या दहा, अष्टमंगलाच्या आठ, माणिक व पाचू यांच्या दोन आणि एक ताईत किंवा डोरले असा मांडला जातो. प्रत्यक्षात मात्र घराण्याची ऐपत, सोनाराची पद्धत आणि लेणारीची हौस यांनुसार संख्या व आकृती बदलत आल्या आहेत. चंद्र, कमळ, बेलपान, शंख, नाग, कासव, मासा, भुंगा, कारले, वाघनख ही या पानड्यांतील नेहमीची मंडळी. या यादीत देवदेवतांची चिन्हे आणि परसातील कारले एकाच ओळीत बसतात, याचे नवल सोनाराला कधी वाटले नसावे.

पानडी घडविण्याची रीत समजून घेतली तर तिच्या रेखनामागचा विचार कळतो. धातूच्या ठोकळ्यावर आकृती उलटी, खोलगट कोरून ठसा तयार केला जातो. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून ठोकला की आकृती पत्र्यावर उठावाने येते, मागच्या पोकळीत लाख भरली जाते आणि मागची बाजू बंद केली जाते. त्यामुळे थोड्या सोन्यात भरदार दिसणारे, पण हाताला हलके लागणारे पदक तयार होते. नखाएवढ्या जागेत आणि एकाच उठावात प्राणी ओळखू यायचा असेल, तर तो कोणत्या बाजूने पाहावा हा पहिला प्रश्न असतो, आणि ठसे कोरणाऱ्यांनी तो विलक्षण चतुराईने सोडविला आहे. कासव नेहमी वरून पाहिलेले असते, कारण पाठीचे घर, चार पाय आणि डोके एकदम दिसण्याची ती एकच दिशा आहे. मासा बाजूने, कारण वरून पाहिलेला मासा नुसती काडी वाटतो. नाग समोरून, फणा पसरलेला. भुंगा पुन्हा वरून, पंखांसह. कारल्याच्या अंगावरील खरबरीत उंचवटे तर जणू ठशासाठीच निर्माण झाले आहेत. शहरातील गुजरी ही सराफांची पेठ म्हणजे या अर्थाने निसर्ग पाहण्याची, आणि पाहिलेले गाळून घेण्याची, एक जुनी शाळाच होती. तिच्या गुरूंची नावे मात्र कोठे नोंदली गेली नाहीत.

नावे न नोंदलेल्यांत स्त्रियांची संख्या सर्वांत मोठी. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक घरांत चैत्र महिन्यात अंगणात चैत्रांगण रेखण्याची प्रथा आहे. गौरीभोवती चंद्र-सूर्य, शंख, कमळ, नाग, कासव, गोपद्मे आणि तुळशीवृंदावन अशी चिन्हे रांगोळीने काढली जातात. ही चिन्हे साजाच्या पानड्यांशेजारी ठेवून पाहिली तर दोन्हीकडची बरीचशी आकृतिसंपदा एकच असल्याचे लक्षात येते. सोनाराने स्त्रियांकडून घेतले की स्त्रियांनी सोनाराकडून, हा वाद निष्फळ आहे. महत्त्वाचे हे की जी आकृती चिमटीतून सुटणाऱ्या पांढऱ्या भुकटीत सकाळी उमटून संध्याकाळपर्यंत पुसली जात होती, तीच सोन्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकत होती, आणि दोन्ही ठिकाणी ती आठवणीतून काढली जात होती. समोर कासव ठेवून कासव काढण्याची गरज कोणालाच भासली नव्हती.

अशा शहरात अब्दुल अझीझ आबालाल रहिमान यांचा जन्म १८५७ च्या उठावाच्या आगेमागे झाला. त्यांच्या घराण्यात अरबी-फारसीचे ज्ञान होते आणि कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम चालत असे. हे काम केवळ नकलनविशीचे नव्हते. मुद्रणापूर्वीच्या आणि मुद्रण आल्यानंतरही बराच काळ टिकलेल्या या कलेत अक्षर आणि अलंकरण एकमेकांत मिसळलेले असतात: प्रकरणाच्या शीर्षकासाठी चौकट, आयतीच्या, म्हणजे वचनाच्या, अखेरीस छोटे वर्तुळाकार फूल आणि पानाच्या समासात धावणारी वेल. पवित्र ग्रंथात माणसाची वा प्राण्याची आकृती येत नसल्याने नक्षीकाराचे सारे कौशल्य भूमितीत आणि वनस्पतीत एकवटते. फारसी परंपरेत ज्याला इस्लिमी म्हणतात ते गोल गोल वळत जाणारे वेलीचे अलंकरण याच गरजेतून परिपक्व झाले. अक्षराचे मापही येथे बिंदूने घेतले जाते; बोरूच्या टोकाने उमटणारा तिरपा चौकोनी ठिपका हे एकक धरून अमुक अक्षर इतक्या ठिपक्यांचे उंच, तमुक वळण इतक्या ठिपक्यांचे रुंद असे प्रमाण ठरते, आणि ही रीत दहाव्या शतकातील बगदादच्या इब्न मुक्ला या लेखनाचार्याच्या नावाशी जोडली जाते. ज्या मुलाच्या भोवती असे काम चालते, त्याच्या हाताला ठिपक्यामागून ठिपका ठेवण्याचा धीर आणि रेषा एका दमात वळविण्याची शिस्त या दोन गोष्टी शाळेत जाण्याआधीच मिळालेल्या असतात.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८८० च्या दशकात त्यांनी शिक्षण घेतले आणि तेथे व्हाइसरॉयच्या नावाचे पदकही मिळविले. या संस्थेचे वर्ग सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झाले होते, आणि तिचा मूळ हेतू चित्रकार तयार करण्याचा नसून देशी कारागिरांना रेखनाचे शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याचा होता, ही गोष्ट आज सहसा विसरली जाते. त्यामागे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील कलाशिक्षणाची पद्धत होती. कारखान्यात तयार होणाऱ्या कापडाला, भांड्याला, भिंतीच्या कागदाला चांगली नक्षी हवी, आणि चांगली नक्षी हवी तर प्रत्येक कारागिराला रेखन यायला हवे, असा त्या पद्धतीचा विचार. ओवेन जोन्स यांच्या १८५६ मधील ‘ग्रामर ऑफ ऑर्नामेंट’ या मोठ्या चित्रग्रंथात जगभरच्या नक्ष्या एकत्र केलेल्या असून, फूल जसेच्या तसे पृष्ठभागावर चिकटविणे म्हणजे नक्षी नव्हे, त्याच्या वाढीचा नियम ओळखून त्याचे रूपांतर करणे म्हणजे नक्षी, असे प्रतिपादन त्यात आहे. हिंदुस्थानच्या नक्षीकामाचा त्या ग्रंथात आदराने उल्लेख येतो. कोल्हापूरच्या ठसेकाराला हे तत्त्व कोणी सांगण्याची गरज नव्हती, पण ते इंग्रजी पुस्तकात छापून आल्यामुळे त्याला शाळेच्या अभ्यासक्रमात जागा मिळाली. साम्राज्याने कारागिराचेच ज्ञान त्याला परत शिकवावे, आणि वर त्याची परीक्षाही घ्यावी, या विसंगतीवर तेव्हा फारसे कोणी बोट ठेवले नाही.

आबालाल मुंबईत शिकत होते त्या दशकात या संस्थेत जॉन ग्रिफिथ्स यांचा प्रभाव सर्वाधिक होता. त्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या, आणि त्यावर आधारलेला दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. त्यात बोधिसत्त्वांइतकेच महत्त्व छतांवरील नक्षीला दिलेले आहे. पहिल्या लेण्याच्या छतावर चौकोनाचौकोनांत भरलेली फळे, फुले, हंस आणि हत्ती यांच्या रेखाटनांना त्यात भरपूर पाने लाभली. याच सुमारास, १८७८ ते १८८८ या वर्षांत, मुंबईत फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत उभी राहत होती आणि तिच्यावरील दगडी अलंकरणाच्या कामात ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली याच संस्थेचे विद्यार्थी गुंतले होते. तिच्या खांबांच्या माथ्यांवरील पाने, पक्षी आणि माकडे आजही पाहता येतात. एका बाजूला अजिंठ्याचे छत, दुसऱ्या बाजूला नव्या स्थानकाचे दगडी माथे आणि तिसरीकडे वर्गातील सांगाड्यांवरून, पुतळ्यांवरून केलेला मानवाकृतीचा अभ्यास, असा हा संस्कार होता. आबालालांनी यांतून मानवाकृती आणि छायाप्रकाश आत्मसात केले, हे त्यांच्या व्यक्तिचित्रांवरून स्पष्ट होते. तथापि तेथील नक्षीचा वर्ग त्यांच्या घरच्या शिक्षणाला परका नव्हता; उलट समोर ठेवलेल्या जिवंत रोपावरून नक्षी रचण्याची सवय त्यांना येथेच लागली असण्याचा संभव अधिक.

शिक्षण संपवून ते मुंबईत थांबले नाहीत. व्यक्तिचित्रांना मागणी असलेल्या, गिऱ्हाइकांनी भरलेल्या त्या शहरात राहिले असते तर पैसा आणि नाव दोन्ही मिळाले असते, परंतु ते कोल्हापुरास परतले आणि पुढे शाहू छत्रपतींच्या आश्रयाने दरबारचे चित्रकार झाले. १८९४ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतलेल्या शाहू महाराजांनी कुस्तीगीर, गायक, नट आणि चित्रकार यांना सारख्याच आपुलकीने पोसले. आबालालांच्या हातून शिकारीची व दरबारी प्रसंगांची चित्रेही झाली. पण त्यांचे मन दरबारात नव्हते. कोटितीर्थाचा तलाव, पंचगंगेचा घाट, रंकाळा आणि रंकाळ्याच्या पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ याच जागा त्यांनी पुन:पुन्हा चितारल्या. त्याच जागेची चित्रे वेगवेगळ्या प्रहरी काढण्यात त्यांना जे समाधान होते ते विक्रीत नव्हते. अविवाहित राहून, अत्यंत साधेपणाने जगून, मिळेल त्या कागदावर रोज काही ना काही काढत राहणे हाच त्यांचा दिनक्रम झाला.

या निसर्गचित्रांविषयी बोलताना एक विधान नेहमी केले जाते: युरोपातील दृक्प्रत्ययवादी चित्रकारांची, म्हणजे १८७४ मध्ये पॅरिसला पहिले प्रदर्शन भरविणाऱ्या क्लोद मोने प्रभृतींची, चित्रे न पाहताही आबालाल त्यांच्यासारखे रंगवू लागले होते, त्यांच्या शेवटच्या काळातील रंगाचे सुटे फटकारे आणि ठिपके याची साक्ष देतात. या विधानात आबालालांचा गौरव असला तरी त्यात मोजपट्टी पॅरिसची आहे. रंगाचा शुद्ध ठिपका शेजारच्या ठिपक्याशी न मिसळता ठेवण्याची युरोपातील प्रेरणा बरीचशी प्रकाशशास्त्रातून आली. आबालालांच्या बाबतीत तिचे मूळ घरातच शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. ज्याने अक्षराचे माप ठिपक्याने घेतलेले पाहिले, आयतीच्या अखेरचे फूल एकेका बिंदूने भरताना पाहिले आणि समासातील वेल पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच लयीत धावताना पाहिली, त्याला पाण्यावरील तरंग हे समान अंतराने परत येणाऱ्या छोट्या फटकाऱ्यांनी रंगवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या अपारदर्शक जलरंगांत, म्हणजे खालचा थर झाकणाऱ्या दाट जलरंगांत, झाडाची पालवी पाहिली तर ती वाऱ्याने विस्कटलेली असूनही कोठेतरी मोजून ठेवल्यासारखी वाटते. पाण्यातील प्रतिबिंब हा तर निसर्गाने स्वत: रचलेला नक्षीचा प्रकार, वरचा भाग खाली उलटा, आणि प्रतिबिंबांविषयीची त्यांची ओढ केवळ तलाव घराजवळ होता म्हणून होती, असे मानणे कठीण आहे. युरोपीय चित्रे त्यांच्या नजरेखाली गेली असली काय किंवा नसली काय, या निष्कर्षात त्याने फरक पडत नाही.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि आबालालांचा मोठा आधार गेला. त्या धक्क्याने त्यांनी आपली हजारो चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. या हकिकतीत लोकांनी रंग भरलेला असणे शक्य आहे, पण त्यांनी काढलेल्या चित्रांच्या मानाने आज उरलेली चित्रे फारच थोडी आहेत, हे खरे. चित्र विकण्यासाठी नसून काढण्यासाठी आहे अशी ज्याची धारणा होती, त्याने ते जपण्याची फार तजवीज केली नसेल तर त्याला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. चैत्रांगण पुसले जाण्याची सवय असलेल्या समाजात तरी तसे म्हणू नये. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचा मृत्यू झाला. उरलेल्या चित्रांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेली ती इमारत १८७६ मध्ये पूर्ण झाली, तेव्हा आबालाल अजून शिकण्यासाठी मुंबईला गेलेलेही नव्हते.

त्यांच्यानंतरच्या पिढीत नक्षीचा हा धागा बाबूराव पेंटर यांच्याकडे वेगळ्या वाटेने आला. बाबूराव मेस्त्री (१८९०-१९५४) हे सुतारकाम, लाकडावरील कोरीव काम आणि मूर्तिकला चालत आलेल्या घरातले. चुलतबंधू आनंदरावांसह त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, आणि राजवाडा, अरण्य, बाग यांचे ते मोठाले पडदे म्हणजे दुरून पाहावयाची नक्षीच होती. १९२० मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘सैरंध्री’पासून त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांत पात्रांच्या पोशाखाला, दागिन्यांना आणि महिरपींना जे स्थान मिळाले, त्याचे मूळ या पडद्यांत आहे. त्यांच्या ‘जलवाहिनी’ या चित्रातही वास्तवदर्शनापेक्षा रेषेचा लवचिकपणा आधी जाणवतो. कागलचे फत्तेलाल याच तालमीत तयार होऊन पुढे ‘प्रभात’चे कलादिग्दर्शक झाले, तो इतिहास चित्रपटाच्या अभ्यासकांनी पुरेसा लिहिला आहे.

मात्र शिक्षणव्यवस्थेने दोन्ही वाटा हळूहळू वेगळ्या केल्या. शासनाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे निरनिराळे विषय आहेत. संकल्पचित्र म्हणजे दिलेल्या भौमितिक आकारात नैसर्गिक वा अलंकारिक घटक बसवून केलेली रचना, म्हणजेच जुनी नक्षी. महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी पान, फूल, फुलपाखरू यांची चौकोनात किंवा वर्तुळात पुनरावृत्ती केली ती या विषयासाठी, आणि समोरचे पाहून काढणे हा दुसराच विषय असल्याचा त्यांचा समज झाला. कोल्हापुरातही दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट आणि कलानिकेतन यांसारख्या संस्थांमधून निसर्गचित्राची परंपरा जोमाने चालू राहिली. अभिनेते म्हणून अधिक ओळखले जाणारे चंद्रकांत मांडरे (१९१३-२००१) यांनी पावडर शेडिंगने, म्हणजे रंगीत भुकटी कागदावर हलक्या हाताने पसरून, निसर्गचित्रांचा मोठा संग्रह केला आणि राजारामपुरीतील आपल्या ‘निसर्ग’ या बंगल्यासह तो शासनाच्या स्वाधीन केला. संकल्पचित्र मात्र उपयोजित कलेच्या, म्हणजे व्यवसायासाठी करावयाच्या कलेच्या, खात्यात जमा झाले. गुजरीतील पानड्यांचे आराखडे आता संगणकावरही आखले जातात, पण त्यांतले कासव अजून वरूनच पाहिलेले असते आणि मासा बाजूने.